तुळशी भांडेना

बदलापूर गावात कमळाबाईच्या घरचं भांडण ऐकलं नाही असा माणूस त्या आळीत नव्हता. आळी आगऱ्यांची, घरं एकमेकांना खेटून, आणि आवाज मुळातच या शेतातून त्या शेतात हाक मारायला घडलेले. तेव्हा ऐकण्यासाठी कुणाला कान टवकारावे लागत नसत. सासू कमळाबाई आणि सून तुळशी. दोघींना विषय कुठलाही चाले. बोंबलाच्या कालवणात चिंच घालायची की कोकम, भाकरी जाड हवी की पातळ, मीनलच्या वेण्या दोन की एक. मीनल म्हणजे तुळशीची पाच वर्षांची मुलगी. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं एकही वेणी नको म्हणून सांगितलं असतं.

भांडणाला शिस्त होती. चूल पेटली की सुरू व्हायचं आणि पानं वाढेपर्यंत आटपायचं. उपाशीपोटी कुणी रुसून झोपायचं नाही. मेलेल्या माणसांना मध्ये ओढायचं नाही. माहेर काढायला मात्र पूर्ण मुभा होती. तुळशीचं माहेर जवळच सोनिवलीला, आणि सोनिवलीच्या लोकांना कालवण कसं करतात ते ठाऊक नाही, हे कमळाबाईचं ठेवणीतलं वाक्य होतं. त्यावर तुळशीचंही उत्तर तयार असे. "म्हनूनच तुजा पोरगा सोनिवलीला जेवायला आला नि मना घेऊनच गेला." तो पोरगा, म्हणजे जयदेव, अंबरनाथच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. असं काही सुरू झालं की तो आपलं ताट उचलून ओटीवर जाऊन बसे.

बाहेरच्याला वाटावं, या घरात दोन बायका एकमेकींच्या जिवावर उठल्यात. खरी गोष्ट वेगळी होती. कमळाबाईचा नवरा फार अबोल माणूस. चांगला होता, पण "हं" आणि "बरं" याच्या पुढे त्याची गाडी जात नसे. उभा संसार कमळाबाईनं टोपांशी आणि कोंबड्यांशी बोलून काढला. तो गेला तेव्हा घरातला आवाज काही कमी झाला नाही, कारण कमी होण्याइतका तो होताच कुठे. मग तुळशी आली. नवी नवरी, हातावरची मेंदी अजून तशीच, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणते, "आये, तुजी भाकरी जाड व्हते." कमळाबाई वरवर तापली. आतून मात्र तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी ती एक भाकरी जास्त जेवली. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

एकोणनव्वद सालच्या दिवाळीनंतर तुळशीचा आवाज कमी होत गेला. एकदम बंद पडला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. हा उन्हाळ्यातल्या नळासारखा हळूहळू बारीक झाला. चिंच की कोकम यावर ती एक दिवस म्हणाली, "घाल काय ते." कमळाबाईनं जिंकल्याच्या आनंदात चिंच जरा जास्तच घातली. मग सुकी मासळी विकणारी कोळीण आली, तर तुळशीनं तिनं दिले ते बोंबील निमूट पदरात घेतले आणि ती आत गेली. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्या कोळणीला या आळीत कधी भेटलं नव्हतं. ती पाटी डोक्यावर घ्यायची विसरून दारातच उभी राहिली. पुढे तुळशीनं अबोलीचा गजरा माळणं सोडलं. ताटातली मासळी बाजूला सारून ती नुसता भात चिवडायला लागली. पूर्वी तिला उठवायला दोन हाका माराव्या लागत, आता ती कोंबड्याच्या आधी उठून ओटीवर बसलेली असे.

कमळाबाईनं हे सगळं पाहिलं आणि सगळ्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. लवकर उठते, कमी खाते, उलट बोलत नाही. सून वळणावर आली म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आळीनंही तोच अर्थ लावला. माघात पाटलांच्या घरी हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून दांडगी. बँड, नाच, मटणाचे टोप, आणि दर हळदीत त्या गर्दीच्या मध्यभागी तुळशी. नवऱ्या मुलाच्या आत्यांना चिडवून चिडवून नाचायला लावणारी तीच. या खेपेला ती मागच्या पडवीत लसूण सोलत बसली. बाहेर बँड वाजत होता आणि ती मान खाली घालून पाकळीमागून पाकळी सोलत होती. म्हाताऱ्या बायकांनी तिच्याकडे बोट दाखवून आपापल्या सुनांना ऐकवलं, "ती बग कमलीची सून. कशी गरीब झाली. शिका काय तरी." सुना तोंड वाकडं करून शिकल्यासारखं करत होत्या.

त्या रात्री जेवणाच्या पंगतीत शेजारच्या काशीनं कमळाबाईला कोपरानं ढोसलं. काशी तिच्याच वयाची, भिंतीला भिंत लागून राहणारी, आणि तिची सून तोंडाची फटकळ.

"खरं सांग गो कमले. कोन्या भगताकडं गेलीस?"

खरं तर कमळाबाईनं तिथंच सांगायचं, की बाई, मी कुठंही गेले नाही. पण आयता चालत आलेला मोठेपणा माणसाला परत करवत नाही. ती मटणाचं हाड चोखत म्हणाली, "हाय एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशी दारात हजर. भगताचा अंगारा असेल तर चिमूटभर दे म्हणाली. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. कमळाबाई आत गेली, चुलीतली चिमूटभर राख उचलली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधली. तुळशी चुलीपाशीच बसली होती. तिनं सासूला राख उचलताना पाहिलं, पुडी बांधताना पाहिलं, आणि नजर पुन्हा चुलीकडे वळवली. आदल्या वर्षीची तुळशी असती तर हसून हसून पडली असती आणि दिवेलागणीच्या आत साऱ्या आळीला ही गोष्ट नकलेसकट सांगून आली असती. कमळाबाईच्या मनाला तेव्हा कुठेतरी टोचलं. पण काशी बाहेर खोळंबली होती, आणि तिच्यामागे आणखी दोघी येऊन उभ्या होत्या.

असं होत होत चैत्र सरत आला आणि मसाल्याचे दिवस आले.

वर्षाचा मसाला म्हणजे या घरातलं सगळ्यात मोठं भांडण. कमळाबाईला लवंगी मिरची जास्त हवी, कालवण खाल्लं की कपाळावर घाम आला पाहिजे. तुळशीला बेडगी जास्त हवी, रंग यायला हवा आणि पोरीला खाता यायला हवं. सासू लवंगीची ओंजळ टोपलीत टाकायची, सून त्यातली अर्धी काढून ठेवायची. तिची पाठ फिरताच सासू पुन्हा टाकायची. हे दुपारपर्यंत चालायचं. शेवटी जो काय मसाला व्हायचा तो असा व्हायचा की अंबरनाथचे नातेवाईक बरणी घेऊनच यायचे. प्रमाण काय, असं कुणी विचारलं तर दोघींनाही सांगता येत नसे.

या वर्षी कमळाबाईनं सकाळीच मिरच्या काढल्या. लवंगीची ओंजळ टोपलीवर धरून ती थांबली.

"घालू?"

"तू बोलशील तसं," तुळशी म्हणाली.

आणखी एक ओंजळ. "आनखी घालू?"

"घाल."

कमळाबाई घालत गेली. हात धरायला कुणी नसलं की माणूस किती वाहवत जातो त्याचा तिला पत्ताच लागला नाही. मिरच्या पोत्यात भरून, तोंड बांधून तिनं पोतं ओटीच्या टोकाला ठेवलं, दुपारी डंकावर कुटायला न्यायचं म्हणून. मग अंगणात चुलीवर मोठी कढई चढली. काशी मदतीला आली होती, ती धणे भाजायला बसली. तुळशी एका बाजूला तमालपत्र निवडत होती.

कमळाबाईनं सहज वळून पाहिलं तर तुळशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मिरची झोंबली काय गो?" कमळाबाईनं चिडवलं.

काशी हसली. आणि कमळाबाईचं हसू अर्ध्यावर थांबलं. मिरचीचं पोतं तिकडे, तोंड बांधलेलं. कढईत धणे. धण्यांच्या वासानं कुणाच्या डोळ्यांना पाणी येतं? ती जवळ गेली. तुळशी हुंदके देत नव्हती, तोंड वाकडं करत नव्हती. चेहरा अगदी स्थिर, बोटं पानं निवडत होती आणि पाणी आपलं गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून पदरावर पडत होतं. तिनं ते पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

"रडतंस कशाला?"

"म्हाईत नाय, आये. येतं आपोआप."

"कवापासून?"

तुळशीनं थोडा विचार केला. "दिवालीपासून."

कमळाबाईला दिवाळीपासूनची एकेक गोष्ट आठवली. गजरा, बोंबील, भात, पहाटेची ओटी, लसणाचा ढीग. तिनं ज्याला सुनेचा चांगुलपणा म्हणून मिरवलं, ते सगळं एका रांगेत तिच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि आता त्यातलं काहीच चांगलं दिसेना. तिला मनापासून भीती वाटली. नवरा वारला तेव्हाही तिला इतकी भीती वाटली नव्हती.

संध्याकाळी तिनं एक प्रयत्न करून पाहिला. चूल पेटली, कालवणाला फोडणी बसली, भांडणाची वेळ झाली. कमळाबाईनं आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं.

"काय तरी बाय हे कालवन. सोनिवलीच्या लोकांना कवा जमलं नाय नि जमनार नाय."

तिनं वाट पाहिली. उत्तर तिला पाठ होतं, फक्त ते दुसऱ्या तोंडातून यायला हवं होतं.

"नाय जमत," तुळशी म्हणाली. "मना कायच जमत नाय. पोरीची वेनी घालायची तर हात उचलत नाय. तुमी तिघं मिलून बरी हाव. मी नसले तरी तुमचं काय अडनार नाय."

कमळाबाईनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. ती करपली, धूर झाला, तरी तिनं तिकडे पाहिलं नाही. ती सुनेशेजारी जमिनीवर बसली आणि आडवळण न घेता तिनं विचारलं.

"जीव द्यायचं मनात येतं तुज्या?"

तुळशीनं मान हलवली. "येतं. मंग मीनल दिसते. मंग वाटतं, उद्या."

कमळाबाईनं तिचा हात धरला. रागावली नाही, शपथ घातली नाही, रडलीही नाही. "उद्या तू माज्यासंगं डाक्तरकडं येतंस," एवढंच म्हणाली.

जयदेव कामावरून आला तेव्हा तिनं त्याला ओटीवर गाठलं. तो दमलेला होता आणि त्याचं लक्ष बुटाच्या नाडीत होतं.

"डॉक्टरला काय सांगू, आई? बायको भांडत नाय म्हणून औषध द्या? लोक हसतील. आत्ता कुठं घर शांत झालंय."

"घर शांत नाय झालं," कमळाबाई म्हणाली. "ती गप झाली. दोनात फरक हाय. मना तुज्या बापाबरोबर राहून कललाय." आणि मग तिनं त्याला ते 'उद्या' सांगितलं.

जयदेवचा हात नाडीवरच राहिला. मग आत जाऊन तो तुळशीजवळ बसला, ताट घेऊन ओटीवर आला नाही.

काशीचं म्हणणं वेगळं होतं. तिला यात बाहेरचं काहीतरी दिसत होतं. ज्या भगतानं तिला गप्प केलं त्यालाच सांग की मोकळी कर, तुझा भगत एवढा गुणाचा आहे, असं ती दोनदा म्हणाली. कमळाबाईनं दोन्ही वेळा मान खाली घातली. अंगारा कसा तयार होतो आणि लोक तो कसा डोक्याला लावतात, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. त्या वाटेनं जायची तिची हिंमतही नव्हती आणि इच्छाही.

मीनलच्या वेळचं बाळंतपण उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी डॉक्टरीणबाईंनी केलं होतं. डॉक्टर केवलरमानी. कमळाबाईच्या ओळखीची डॉक्टर तेवढीच, म्हणून ती सुनेला घेऊन दुपारी तिथं गेली. मीनलला काशीकडे ठेवलं. दवाखाना कापडाच्या दुकानांच्या रांगेत, वर पंखा गरगरत होता, बाकावर सिंधी बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या. तुळशी भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोल बेटा, क्या तकलीफ है?"

"काय नाय. डोकं दुखतं. कंबर दुखते. झोप लागत नाय," तुळशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. तेव्हा कमळाबाई पुढे सरकली. येताना तिनं पुष्कळ शब्द जुळवले होते, ऐन वेळी एकच हाताला लागला.

"बाई, ती भांडत नाय."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. जयदेवला वाटलं होतं तशा त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"किससे नहीं झगडती?"

"माज्यासंगं. रोज भांडायची. आता काय बी बोला, हो म्हनते."

"कबसे?"

मग त्यांनी तुळशीला बरंच काही विचारलं, आपल्या हिंदी-मराठीच्या खिचडीत, पण घाई न करता. जाग किती वाजता येते? जेवण गोड लागतं का? आधी जे आवडायचं ते अजून आवडतं का? मुलीला जवळ घ्यावंसं वाटतं का? सगळी चूक आपलीच, असं वाटतं का? या प्रश्नाला तुळशीनं पहिल्यांदा वर पाहिलं. मरणाचं मनात येतं का, हेही त्यांनी कमळाबाईसारखंच सरळ विचारलं, आणि तुळशीनंही तितकंच सरळ सांगितलं.

"ये बीमारी है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनाची बीमारी. बाहेरचं नाही, नाटक नाही, आळस नाही. बायकांना बहुत होते आणि कोणाला समजत नाही, क्योंकि औरत चूप हो जाए तो सबको अच्छा लगता है." रक्त तपासायला सांगून त्यांनी गोळ्या लिहिल्या. मनाचे डॉक्टर दर गुरुवारी इथंच येऊन बसतात, त्यांनाही दाखवायचं, म्हणाल्या. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आधी तोंडाला कोरड पडेल, तर घाबरून सोडायच्या नाहीत. गोळ्या सासूनं आपल्या ताब्यात ठेवायच्या. हिला एकटं सोडायचं नाही. आणि मन घट्ट कर, असं कुणी सांगायचं नाही.

कमळाबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. जो प्रश्न आदल्या दिवसापासून तिचं काळीज कुरतडत होता तो विचारल्याशिवाय तिला घरी जाता येईना.

"माज्यामुलं झालं काय? माज्या भांडनानं?"

उत्तर डॉक्टरीणबाईंच्या आधी तुळशीकडून आलं. हळू आवाजात, डोळे जमिनीकडे ठेवून. "नाय गो आये. भांडत व्हते तवर बरी व्हते मी."

कमळाबाईला रस्त्यात रडू आलं. लोकांनी पाहिलं तर पाहिलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि सुनेला घेऊन स्टेशनकडे चालू लागली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गोळ्यांनी तोंड सुकायचं, तुळशी घोटघोट पाणी पीत बसायची. गुरुवार येत गेले. मीनलच्या वेण्या कमळाबाई घालू लागली, आणि दोन की एक यावर भांडायला कुणी नसल्यामुळे एक दिवस एक, एक दिवस दोन. जयदेवनं रात्रपाळी बदलून घेतली. आणि संध्याकाळी चूल पेटली की कमळाबाई भांडायला बसायची. समोरून उत्तर येत नाही म्हटल्यावर तिनं दोन्ही बाजू स्वतःच घेतल्या.

"सोनिवलीच्या लोकांना कालवन जमत नाय," ती म्हणायची. मग मान दुसरीकडे वळवून, तुळशीचा आवाज काढून, "म्हनूनच तुजा पोरगा सोनिवलीला जेवायला आला नि मना घेऊनच गेला." मग पुन्हा आपल्या आवाजात, "बग कशी बोलते सासूला." मीनल हे पाहायला मुद्दाम येऊन बसे आणि टाळ्या वाजवी. एका संध्याकाळी कमळाबाई आपल्याच उत्तराला इतकी चिडली की तुळशीच्या ओठाचा एक कोपरा हलला. कमळाबाईनं तिकडे पाहिलं नाही असं दाखवलं, पण तेवढ्यावर तिला रात्री गाढ झोप लागली.

एक काम राहिलं होतं. ते तिनं जीव मुठीत धरून केलं. काशीच्या ओटीवर जाऊन तिनं सांगून टाकलं, की भगत कुणी नव्हता, ती माझ्या चुलीतली राख होती.

काशी ओरडली. "मी महिनाभर सुनेच्या उशाखाली ठेवली ना ती."

"काढून टाक. तुजी सून उलट बोलते ते बरं हाय. ज्या दिवशी बोलनार नाय, त्या दिवशी मना हाक मार."

काशी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. मग एका दुपारी तीच भिंतीवरून म्हणाली, चिखलोलीला दिलेली माझी भाची बाळंत झाल्यापासून फार शहाण्यासारखी वागते म्हणे, ते चांगलं की वाईट? कमळाबाईनं डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, आणि गुरुवार लक्षात ठेव, म्हणाली.

आषाढात लावणी उरकली. बाहेर संततधार लागली होती, ताजी मासळी मिळत नव्हती, म्हणून कमळाबाईनं सुके बोंबील काढले. बटाटा घालून कालवण केलं, नव्या मसाल्याचं. तुळशी आता स्वतःहून पानं मांडू लागली होती, मीनलला न्हाऊ घालू लागली होती, पण तिचं बोलणं अजून कामापुरतंच होतं. सगळे जेवायला बसले. तुळशीनं पहिला घास तोंडात घातला, चावला आणि थांबली.

"आये," ती म्हणाली, "यो मसाला कोनी केला?"

कमळाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "कोनी म्हंजे? आपन केला."

"आपन नाय, तू केलास. नुसती लवंगी कोंबलीस. रंग नाय, चव नाय, नुसता जाल. पोरीनं हे वरीसभर खायाचं?"

"तू बसली व्हतीस ना समोर. इचारलं मी तुला. घाल म्हनालीस."

"मी आजारी व्हते," तुळशी म्हणाली, आणि तिचा आवाज भिंतीपलीकडे काशीच्या घरात पोहोचेल इतका चढला होता. "आजारी मानसाला इचारून कोनी वरसाचा मसाला करतं काय?"

जयदेवनं सवयीनं ताट उचललं, मग तसंच खाली ठेवलं. मीनल आजीकडे पाहत होती. आता आजीची पाळी होती. आजीकडे उत्तरं काय कमी होती? लवंगी होती, सोनिवली होती, रंगाच्या नादानं पाणचट झालेली गेल्या सालची कालवणं होती. कमळाबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या घशातून शब्द फुटेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. डोळे भरून आले आणि ती गप्प बसली.

तुळशी थोडा वेळ उत्तराची वाट पाहत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. डावा हात पुढे करून तिनं सासूच्या कपाळाला लावून पाहिला.

"आये, गप का झालीस? बरी हायस ना?" तिनं विचारलं. "उद्या गुरुवार हाय. डाक्तरीनबायकडं येतंस काय माज्यासंगं?"

"मिरची झोंबली," कमळाबाई म्हणाली.

"झोंबनारच," तुळशी म्हणाली आणि तिनं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. "सांगितलं व्हतं, बेडगी घाल."

"कवा सांगितलंस? तोंड तरी उघडलंस काय त्या दिवशी?"

"मंग तुला कलायला नको?"

"कललं ना," कमळाबाई म्हणाली. "म्हनून तर दवाखान्यान नेली तुला. सोनिवलीच्या लोकांना कवा कललं असतं?"

जयदेव उठला, ताट घेऊन ओटीवर गेला आणि पावसाकडे पाहत पोटभर जेवला.